ऊस वाहतूक: ट्रॉलीतील भाराची विभागणी आणि ट्रॉलीचे डुलणे रोखण्याचे उपाय

गाळप हंगामात ऊस वाहतुकीचा मोठा वाटा ट्रॅक्टर-ट्रॉलीवर असतो. अरुंद रस्ते, ओढ्याचे उतार, शेतातून रस्त्यावर येताना लागणारा बांधाचा चढ आणि रात्रीची वाहतूक यांमुळे या काळात ट्रॉली उलटण्याचे, ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जाण्याचे आणि ट्रॉली एका बाजूला ओढत जाण्याचे प्रकार घडतात. बहुतेक वेळा दोष ‘जास्त मालाला’ दिला जातो. माल मर्यादेत असणे आवश्यकच आहे. मात्र तेवढाच माल चुकीच्या जागी भरला, तर तीच ट्रॉली धोकादायक होते. त्यामुळे किती भरले याबरोबरच कुठे भरले, हूक कुठे जोडला आणि ब्रेक कशावर आहेत, या तीन गोष्टी खेप निघण्यापूर्वी तपासाव्यात.

मूळ तत्त्व: गाडी उलाळ नको, जड दांडाही नको

बैलगाडी हाकलेल्या शेतकऱ्यांना हे तत्त्व नवीन नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. माल पुढे जास्त झाला की सगळे ओझे बैलांच्या खांद्यावर येते. दोन चाकी ट्रॉलीतही हेच घडते. फरक इतकाच, की बैलांच्या खांद्याच्या जागी ट्रॅक्टरचा हूक असतो.

ट्रॉली आणि माल यांच्या एकत्रित वजनाचा तोल ज्या जागी साधतो, त्याला भारमध्य म्हणू. हा भारमध्य ॲक्सलच्या किंचित पुढे असावा. त्यामुळे एकूण वजनाचा थोडा हिस्सा हूकवर येतो, ट्रॅक्टरची मागची चाके रस्ता धरून राहतात आणि ट्रॉली सरळ मागे येते. दोन चाकी ट्रॉलीसाठी हूकवर एकूण वजनाच्या सुमारे १० टक्के भार हे सोपे प्रमाण धरावे. ट्रॅक्टर उत्पादकाने पुस्तिकेत हूकवरील भाराची मर्यादा दिली असल्यास ती अंतिम मानावी.

भार मोजण्याचा सोपा हिशेब

हूकवरील भार = एकूण वजन × (भारमध्य ॲक्सलच्या किती पुढे आहे) ÷ (हूक ते ॲक्सल अंतर)

उदाहरण: ट्रॉलीचे स्वतःचे वजन १५०० किलो, ऊस ४५०० किलो, एकूण ६००० किलो. हूक ते ॲक्सल अंतर ३.५ मीटर. भारमध्य ॲक्सलच्या ३५ सेंमी पुढे. म्हणजे हूकवर ६०० किलो, एकूण वजनाच्या १० टक्के.

आता त्याच ट्रॉलीत ऊस लांबीत रचताना मागे ६० सेंमी बाहेर काढला, असे समजू. उसाच्या थराची लांबी मागच्या बाजूने वाढल्याने उसाचा मध्य सुमारे ३० सेंमी मागे सरकतो. हूकवरील भार ६०० किलोवरून सुमारे २१५ किलोवर येतो. वजनकाट्यावर टनेज तेवढेच दिसते, पण ट्रॉली उलाळ होण्याच्या जवळ पोहोचलेली असते. एखाद्या खड्ड्यातून जाताना किंवा चढावर माल आणखी मागे सरकला, की हूक वर ओढला जाऊ लागतो.

ट्रॉलीवर खुणेची पट्टी मारावी

- हूकच्या कडीपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे.
- त्या अंतराचा दहावा भाग ॲक्सलच्या पुढे मोजून बॉडीच्या दोन्ही बाजूंना रंगाची उभी पट्टी मारावी. वरील उदाहरणात ही पट्टी ॲक्सलच्या ३५ सेंमी पुढे येईल.
- भरलेल्या मालाचा मध्य या पट्टीच्या आसपास राहील, अशा बेताने भरणी करावी. माल मागे बाहेर काढावा लागत असेल, तर तेवढाच पुढच्या बाजूलाही वाढवता येतो का ते पाहावे. तसे शक्य नसल्यास मागचा थर कमी करावा.
- उसाचा बुडखा शेंड्यापेक्षा जड असतो. सर्व मोळ्यांचे बुडखे मागे ठेवले, तर लांबी सारखी दिसूनही वजन मागे जाते. लांबीत रचताना बुडख्यांची दिशा थरागणिक बदलावी. आडवे रचताना हाच नियम डाव्या-उजव्या बाजूसाठी पाळावा, अन्यथा ट्रॉली एका कुशीवर कलते.

पट्टी एकदा मारली की भरणी करणाऱ्या टोळीला दरवेळी हिशेब सांगावा लागत नाही.

ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर काय उरते?

हूक मागच्या ॲक्सलच्या मागे असतो. त्यामुळे हूकवर आलेला भार मागच्या चाकांवर तर येतोच, शिवाय पुढच्या चाकांवरचे वजनही कमी करतो. वळण घेण्यासाठी ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या किमान २० टक्के वजन पुढच्या चाकांवर राहिले पाहिजे. त्याहून कमी झाल्यास स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जातो.

उदाहरणासाठी २००० किलो वजनाचा ट्रॅक्टर घेऊ. पुढच्या चाकांवर ८०० किलो, मागच्या चाकांवर १२०० किलो. पुढच्या व मागच्या ॲक्सलमधील अंतर २ मीटर. हूक मागच्या ॲक्सलच्या ७५ सेंमी मागे आणि जमिनीपासून ५० सेंमी उंच. किमान मर्यादा ४०० किलो. ढोबळ हिशेब असा:

- सपाट रस्ता, हूकवर ६०० किलो: पुढच्या चाकांवरील २२५ किलो कमी होतात, ५७५ किलो उरतात. स्टिअरिंग व्यवस्थित चालते.
- हीच खेप १० मीटरला १ मीटर चढावर: ट्रॉली ओढण्याच्या जोराने सुमारे १९० किलो आणि ट्रॅक्टर स्वतः कलल्याने सुमारे ८० किलो आणखी कमी होतात. उरतात सुमारे ३०५ किलो. म्हणजे योग्य भरलेली ट्रॉलीसुद्धा चढावर मर्यादेखाली जाते.
- त्याच चढावर हूकऐवजी ९० सेंमी उंचीवरच्या टॉप लिंकच्या जागी ट्रॉली जोडली: उरतात सुमारे १६० किलो.
- माल पुढे जास्त भरल्याने हूकवर १२०० किलो आले: सपाट रस्त्यावर ३५० किलो आणि चढावर केवळ ८० किलो. क्लच झटक्याने सोडला की पुढची चाके उचलली जातात.

यावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात.

१. जोडणी खालच्या मूळ हूकला किंवा ड्रॉबारलाच करावी. टॉप लिंकच्या जागी, ॲक्सलच्या आवरणाला साखळी बांधून किंवा उंची वाढवलेल्या घरगुती हूकला ट्रॉली जोडू नये. चिखलात रुतलेली ट्रॉली काढताना हा धोका सर्वांत मोठा असतो. मागची चाके अडकलेली आणि ओढ उंचावरून असेल, तर ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटायला एका सेकंदाच्या आसपास वेळ पुरतो. तेवढ्यात क्लच दाबणे जमत नाही.

२. पुढे लोखंडी वजने लावावीत. पुढच्या ॲक्सलच्या ६० सेंमी पुढे १०० किलो वजन लावल्यास पुढच्या चाकांवर सुमारे १३० किलो वाढतात. वरील उदाहरणात चढावरचे ३०५ किलो सुमारे ४३५ किलो होतात आणि मर्यादा पाळली जाते. मात्र उंच जोडणी किंवा पुढे जास्त भरणी यांची भरपाई १०० किलो वजनाने होत नाही.

३. मागच्या टायरमध्ये पाणी भरल्याने पुढची चाके जड होत नाहीत. पाण्यामुळे मागची पकड वाढते, ती ब्रेकसाठी उपयोगी आहे. पण पकड वाढल्याने चाक जागेवर फिरण्याऐवजी जास्त जोराने ओढते आणि पुढची बाजू उचलण्याची शक्यता वाढते. त्यामुळे मागे पाणी भरले असल्यास पुढची वजने काढू नयेत.

वजनकाट्यावर खात्री करावी

हंगामाच्या सुरुवातीला एकदा जवळच्या वजनकाट्यावर पुढील चार वजने घ्यावीत. काट्याच्या दोन्ही टोकांना जमीन समपातळीत असावी.

- ट्रॉली न जोडता पूर्ण ट्रॅक्टर.
- ट्रॉली न जोडता फक्त पुढची चाके काट्यावर.
- भरलेली ट्रॉली जोडून, फक्त ट्रॅक्टर काट्यावर व ट्रॉलीची चाके बाहेर.
- भरलेली ट्रॉली जोडून, फक्त पुढची चाके काट्यावर.

तिसऱ्या वजनातून पहिले वजा केल्यास हूकवरील भार मिळतो. चौथे वजन पहिल्याच्या २० टक्क्यांपेक्षा बरेच जास्त असावे, कारण हे मोजमाप सपाट जागेवरचे आहे. तिसरे वजन पहिल्यापेक्षा कमी आले, तर ट्रॉली उलाळ आहे. ती रस्त्यावर नेऊ नये.

ट्रॉली डुलते का?

सरळ रस्त्यावर ट्रॉलीचे शेपूट डावीकडे-उजवीकडे हेलकावे घेऊ लागते, ते वेग वाढला की वाढते आणि ट्रॅक्टरची मागची बाजूही हलू लागते. याची मुख्य कारणे व उपाय:

- भारमध्य मागे असणे. हे सर्वांत महत्त्वाचे कारण. मागे जड असलेली ट्रॉली एका बाजूला गेली की तिचे वजनच तिला आणखी त्या बाजूला नेते. भरणी पट्टीनुसार दुरुस्त करणे हाच उपाय.
- हूक, कडी व पिन झिजणे. पिन आणि छिद्र यांत मोकळी जागा वाढली की प्रत्येक धक्क्याला ट्रॉली मागेपुढे आपटते आणि हेलकावा सुरू होतो. झिजलेली कडी बदलावी किंवा बुश बसवून घ्यावा. पिनऐवजी सळईचा तुकडा वापरू नये. पिनला खालून क्लिप असावी.
- टायरमधील हवा. एका बाजूचे टायर नरम असल्यास ट्रॉली त्या बाजूला ओढते आणि कलते. हवा टायरवर लिहिलेल्या मर्यादेत व दोन्ही बाजूंना सारखी ठेवावी.
- ॲक्सल तिरका होणे. पाट्यांचे यू-बोल्ट ढिले झाले किंवा एखादा पाटा तुटला की ॲक्सल तिरका बसतो. कडीपासून दोन्ही चाकांच्या मध्यापर्यंतचे अंतर दोरीने मोजावे. फरक आढळल्यास ॲक्सल सरळ करून घ्यावा.
- चाकाचे बेअरिंग ढिले असणे. जॅकवर चाक उचलून हाताने हलवून पाहावे.
- वेग. वरील सर्व दोष कमी वेगात लपून राहतात. म्हणून ‘हळू चालवताना डुलत नाही’ म्हणजे ट्रॉली ठीक आहे, असे समजू नये.

प्रवासी कॅराव्हॅन ओढण्यासाठी परदेशात, विशेषतः अमेरिकेत, हूकवरचा भार पुढच्या चाकांकडे वळवणाऱ्या स्प्रिंगच्या दांड्या आणि घर्षणाने हेलकावे दाबणारी जोडणी वापरतात. तिथेही हूकवर १० ते १५ टक्के भार ठेवणे ही पहिली अट असते आणि ही साधने त्यानंतर येतात. ती मोटारी व पिकअपसाठी बनवलेली असतात. ट्रॅक्टरच्या हूकला तशा दांड्या वेल्डिंग करून बसवू नयेत. ट्रॅक्टरमध्ये तेच काम पुढची वजने, खालची जोडणी आणि योग्य भरणी करतात.

डुलणे सुरू झाल्यास चालकाने काय करावे?

- स्टिअरिंग सरळ धरावे. हेलकाव्याच्या विरुद्ध दिशेला फिरवू नये. चालकाची हालचाल नेहमी थोडी उशिरा होते आणि हेलकावा वाढतो.
- ॲक्सिलरेटर हळूहळू कमी करावा. वेग वाढवून ट्रॉली ‘ताणून सरळ’ करण्याचा प्रयत्न करू नये.
- ब्रेक जोरात दाबू नये. ट्रॉलीला ब्रेक नसल्यास ती ट्रॅक्टरला मागून ढकलते आणि दोन्ही कात्रीसारखे दुमडतात.
- सुरक्षित जागी थांबून हूक, टायर आणि मालाची सरक तपासावी. कारण न शोधता पुढे जाऊ नये.

उंची आणि वळण

ऊस वजनाच्या मानाने जागा जास्त घेतो, त्यामुळे भरणी उंच जाते. दोन्ही चाकांतील अंतर १.८ मीटर आणि भारमध्य जमिनीपासून १.८ मीटर उंच असेल, तर १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ट्रॉली साधारण ३१ किमी वेगाला उलटू शकते. भारमध्य २.२ मीटरवर गेला, तर २८ किमीला. हे आकडे पक्क्या, सपाट रस्त्याचे आणि न हलणाऱ्या मालाचे आहेत. प्रत्यक्षात पाटे दबतात, टायर कलतात, मोळ्या सरकतात आणि रस्त्याची कड खचलेली असते. त्यामुळे अशा वळणावर वेग १५ किमीच्या आसपास ठेवावा. वेग दुप्पट झाला की बाहेर फेकणारा जोर चौपट होतो.

- जड व ओल्या मोळ्या खाली, हलक्या वर ठेवाव्यात.
- वरचा थर खालच्यापेक्षा रुंद करू नये.
- माल दोराने किंवा साखळीने आडवा व उभा आवळावा. एक-दोन किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा आवळावा, कारण सुरुवातीच्या धक्क्यांनी ऊस बसतो.
- मालावर मजूर किंवा मुले बसवू नयेत. उंच भारावर माणसे बसल्याने तोल बिघडतो आणि ट्रॉली उलटल्यास बचावाची संधी राहत नाही.

ब्रेक: सर्वांत दुर्लक्षित भाग

सर्वसाधारण ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांवर असतात. ट्रॉलीला ब्रेक नसल्यास त्याच दोन चाकांनी संपूर्ण भार थांबवावा लागतो. वरील ट्रॅक्टर कोरड्या डांबरी, सपाट रस्त्यावर थांबवण्यास लागणारे अंतर अंदाजे असे:

- ६ टनांची एक ट्रॉली, वेग २० किमी: सुमारे १० मीटर.
- एक ट्रॉली, वेग ३० किमी: सुमारे २४ मीटर.
- दोन ट्रॉली, वेग २० किमी: सुमारे १८ मीटर.
- दोन ट्रॉली, वेग ३० किमी: सुमारे ४१ मीटर.

यात चालकाला ब्रेक दाबायला लागणारा वेळ धरलेला नाही. एका सेकंदात २० किमी वेगाने साडेपाच मीटर आणि ३० किमी वेगाने आठ मीटर अंतर जाते. उतार, चिखल किंवा रस्त्यावर सांडलेले पाचट असल्यास अंतर आणखी वाढते. उलाळ ट्रॉली मागची चाके हलकी करते, त्यामुळे तिच्यासोबत ब्रेकही निकामी होतात, हे लक्षात ठेवावे.

- रस्त्यावर येताना डावा व उजवा ब्रेक पेडल एकत्र जोडावेत. एकाच बाजूचा ब्रेक लागल्यास भरलेली ट्रॉली क्षणात दुमडते.
- उतार सुरू होण्यापूर्वी खालचा गिअर टाकावा. न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून उतरू नये.
- नवीन ट्रॉली घेताना हायड्रॉलिक किंवा एअर ब्रेकची सोय असलेली घ्यावी आणि आपल्या ट्रॅक्टरला त्याची जोडणी उपलब्ध आहे का, हे आधी विचारावे.

दोन चाकी की चार चाकी ट्रॉली?

- दोन चाकी: हूकवर भार येतो, त्यामुळे शेतात व चिखलात ट्रॅक्टरची पकड वाढते. मागे घेणे सोपे. मात्र भरणी चुकली की परिणाम थेट ट्रॅक्टरवर होतो. पुढची वजने आवश्यक.
- चार चाकी (पुढचा ॲक्सल फिरणारी): भार ट्रॉलीच्याच दोन ॲक्सलवर राहतो, हूकवर जवळपास येत नाही. पुढची चाके उचलण्याचा धोका कमी होतो. पण ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना जादा पकड मिळत नाही, म्हणून ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असणे अधिक गरजेचे. माल दोन्ही ॲक्सलवर सारखा भरावा. तीव्र वळणात पुढचा ॲक्सल फिरल्याने आधार अरुंद होतो, तेव्हा वेग चालण्याइतकाच ठेवावा. फिरत्या तबकडीचे ग्रीस व बोल्ट दर आठवड्याला पाहावेत.
- मागोमाग दोन ट्रॉली: पुढच्या ट्रॉलीचा छोटा हेलकावा मागच्या ट्रॉलीत मोठा होतो. जड ट्रॉली पुढे, हलकी मागे ठेवावी. मागच्या ट्रॉलीची कडी व पिन तितक्याच काळजीने तपासावी. घाट, तीव्र उतार किंवा ओला रस्ता असल्यास एकच ट्रॉली न्यावी.

उतरवतानाही तोल सांभाळावा

शेणखत, माती किंवा धान्याची पोती दोन चाकी ट्रॉलीतून हाताने उतरवताना मागून सुरुवात करावी. पुढचा माल आधी काढला की ट्रॉली उलाळ होते. माल पूर्ण उतरेपर्यंत ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली ठेवावी. भरलेली ट्रॉली सोडावीच लागल्यास चाकांना दगड किंवा ठोकळे लावून, दांड्याखाली स्टँड देऊन मगच पिन काढावी आणि दांड्यावर वाकून उभे राहू नये. भार मागे असल्यास दांडा झटक्यात वर येतो.

खेप निघण्यापूर्वीची तपासणी

- मालाचा मध्य खुणेच्या पट्टीजवळ आहे.
- मागे व बाजूला बाहेर आलेला ऊस मर्यादित आहे.
- ट्रॉली खालच्या हूकला जोडली आहे, पिनला क्लिप आहे, सुरक्षा साखळी लावली आहे.
- पुढची वजने जागेवर व घट्ट आहेत.
- दोन्ही ब्रेक पेडल जोडलेले आहेत.
- टायरची हवा, चाकांचे नट व पाटे पाहिले आहेत.
- ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक स्वच्छ असून लोंबणाऱ्या उसामुळे झाकलेले नाहीत. मागचा दिवा चालू आहे.

कृषी सहायक, कारखान्याचे शेतकी विभागाचे कर्मचारी आणि वाहतूक ठेकेदार यांनी हंगामापूर्वी गावपातळीवर चालक व तोडणी टोळ्यांना एकत्र बोलावून खुणेची पट्टी मारणे आणि वजनकाट्यावरील चार वजने यांचे प्रात्यक्षिक घ्यावे. ट्रॉली चालक चालवतो, पण भरतात टोळीतील मजूर. तोल कसा राखायचा हे दोघांनाही माहीत असेल, तरच खेप सुरक्षित पोहोचते.